फेर्मिनच्या बारमधली टाइल आणि तिच्यावरचं नाव

लोग्रोन्यो,
बुधवार, १२ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप वन्संना,

विसीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकंच वाकून, उरलेला तुम्ही मनाने धरून घ्या).

तुमचा गुडघा कसा आहे? सोरियात बर्फ पडायला लागलं असेल, तेव्हा तो बोलायला लागला असणारच. मोतीबिंदूचं काय ठरलं? डॉक्टर म्हणाले तर करून टाका. डोळा उघडा असला म्हणजे लोकांनी सांगितलेल्या गोष्टींवर कमी अवलंबून राहावं लागतं. लोण्याचा डबा पोचला. अर्धा संपला आणि उरलेला खिडकीबाहेरच्या जाळीत ठेवला आहे. माझा रक्तदाब सोडून बाकी बरं आहे. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी चालायला सांगितलंय. मी चालते. कुठून कुठे ते पुढे येईलच.

तुमचं चार तारखेचं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचलं, तेव्हा वाटलं तुम्ही चिडला आहात. दुसऱ्यांदा चष्मा लावला, तेव्हा खात्री पटली. तिसऱ्यांदा जिन्यात उभी राहून मोठ्याने वाचलं, कारण मजकूर मूळचा आमच्या वरच्या मजल्यावरच्या आम्पारोचा आहे आणि तो कुठेही न सांडता परत पोचला हे तिला कळायला हवं होतं. (तिची मावसबहीण तुमच्या शेजारी राहते, ही गोष्ट आम्ही घर घेताना विचारात घ्यायला हवी होती. आम्ही फक्त नळाला पाणी येतं का ते पाहिलं.)

तुमचे आरोप तीन आहेत. एक, सातुरिओला जाऊन पुरते सहा महिने झाले नाहीत आणि मी दर गुरुवारी तीन पुरुषांबरोबर लाउरेल गल्लीतले बार पालथे घालते. दोन, गेल्या महिन्यात मी रात्री साडेबाराला घरी आले आणि तेव्हा माझ्या केसांत मासा होता. तीन, सातुरिओच्या मित्रांनी त्याच्या आठवणीसाठी बारच्या भिंतीवर बसवलेली टाइल मी काढायला लावली आणि फोडली. तिन्ही खरे आहेत (मासा अर्धाच होता). पण आम्पारो जिन्यातून दिसतं तेवढंच सांगते, आणि आमच्या जिन्यातला दिवा मार्चपासून गेलाय. म्हणून मी पहिल्यापासून सांगते. चहापाणी उरकून बसा, मध्ये उठू नका, गुडघा दुखेल.

तुमचा भाऊ घरात किती बोलायचा ते तुम्हाला मी काय सांगू? चार वर्षांचा होईपर्यंत तो मुका आहे असं समजून तुम्हीच त्याला संत सातुरिओच्या देवळात मेणबत्ती लावायला नेलं होतं ना? चौतीस वर्षांच्या संसारात मी त्याच्या तोंडून मुख्यतः तीन शब्द ऐकले: 'हं', 'मीठ' आणि 'निघतो'. तिसरा फक्त गुरुवारी संध्याकाळी. तंबाखूच्या कारखान्यातून यायचा, जेवायचा, पेपर उघडायचा आणि पेपरच्या मागे जायचा. बोलायचं काम माझ्याकडे होतं. भाजी निवडताना, इस्त्री करताना, मासे साफ करताना मी बोलत असायची; शेजाऱ्यांबद्दल, पाद्रीबुवांबद्दल, मेयरच्या बायकोच्या टोपीबद्दल, जे समोर येईल त्याबद्दल. त्याने कधी मान वर केली नाही. मी भिंतीशी बोलते आहे असं समजून मी बोलत राहिले, आणि खरं सांगायचं तर भिंत वाईट नव्हती. घोरायची, पण मधे तोडायची नाही.

मे महिन्यात तो गेला. त्यानंतर आठव्या दिवशी त्याचे गुरुवारचे तीन मित्र भेटायला आले. तुम्ही त्यांना अंत्यविधीला पाहिलंत, पण तेव्हा सगळेच काळ्या कोटात होते, म्हणून ओळख करून देते. एवेलिओ, उंच, वाळका, छापखान्यात खिळे जुळवायचा. अजूनही माणसाशी बोलताना त्याच्या कपाळावर काही चुकीचं छापलंय का ते बघतो. सिरियाको, बुटका, भाज्यांचे डबे भरायच्या कारखान्यात मुकादम होता. आणि प्रिमितिवो, गुरांचा डॉक्टर. तिघंही आता घरी बसलेले. तिघं सोफ्यावर ओळीने बसले आणि सिरियाको रडायला लागला. मी रुमाल दिला. रडता रडता तो म्हणाला की वहिनी, असा बोलका, असा विनोदी माणूस आता होणे नाही. वन्सं, मला क्षणभर वाटलं हे लोक चुकीच्या मजल्यावर आले.

मी विचारलं, कोण? ते म्हणाले, आपला सातुरिओ. आणि मग एकमेकांना आठवण करून देत ते तिघं रडायचे आणि हसायचे, हसायचे आणि रडायचे. सातुरिओ हे म्हणाला होता, सातुरिओ ते म्हणाला होता. एवेलिओ म्हणाला, त्या इलारिओ पाद्रीबुवांच्या प्रवचनाबद्दल काय म्हणाला होता आठवतं का: हे प्रवचन म्हणजे जुना जिना आहे, चढताना दम लागतो आणि वर पोचल्यावर आठवत नाही की आलो कशाला. तिघं पोट धरून हसले. मी कॉफी ओतत होते, ती ओततच राहिले. आधी बशी भरली, मग प्रिमितिवोची मांडी. कारण ते वाक्य माझं होतं. लेंटच्या उपवासात कॉड मासा भिजत घालताना मी ते आमच्या स्वयंपाकघरात म्हटलं होतं. पेपरच्या मागून 'हं' आलं होतं. मला स्वच्छ आठवतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुःखाने नव्हे, संशयाने. नवरा गेल्यावर त्याच्या खिशात दुसऱ्या बाईची चिठ्ठी सापडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचं एका अर्थी सोपं असतं, निदान बाई कोण ते शोधता येतं. माझ्या नवऱ्याच्या तोंडात बाई सापडली होती आणि ती मीच होते. भिंतीला कान असतात म्हणतात. माझ्या भिंतीला पायही होते, आणि ती दर गुरुवारी साडेसातला 'निघतो' म्हणून निघायची.

तेव्हा जूनच्या पहिल्या गुरुवारी मी काळा पोशाख चढवला, पर्स घेतली आणि साडेसातला लाउरेल गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. (वास्तविक ही गल्ली आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. चौतीस वर्षांत मी तिथून दिवसा शेकडो वेळा गेले असेन, तेव्हा तिथे लोखंडी शटर आणि मांजरं असतात.) तिघं आले. मला पाहून थांबले. प्रिमितिवोने आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या पायांकडे पाहिलं, गाय उभी राहू शकेल की नाही ते बघतात तसं. मी म्हटलं, मला सातुरिओची जागा बघायची आहे. त्यांना वाटलं मी फुलं ठेवून परत जाईन. त्यांनी मला पहिल्या बारमध्ये नेलं, मशरूमवाल्या. काउंटरच्या टोकाला, कागदी रुमालांच्या डब्याशेजारी, लाकडावर कोपराएवढा भाग गुळगुळीत झालेला आहे. तो सातुरिओचा कोपर. मी तिथे माझा ठेवला. बसला. मग मी काही घरी परत फिरले नाही.

आता वन्सं, तुम्ही विचारलंयत की तिथे एवढं असतं तरी काय. सांगते. एका बारमध्ये एक पेला आणि एक घास, बास. पेला बोटभर उंचीचा. घास प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि कायमचा ठरलेला. हा मशरूमवाला म्हणजे तीन मशरूम एकावर एक, वर एक कोळंबी, खाली पावाचा तुकडा, सगळ्यांतून एक काडी, आणि वरून लसणाचं उकळतं तेल. जीभ भाजते. न भाजता खाल्लं तर ते थंड झालंय असं समजतात. बसायचं नाही, सगळं उभ्याने. खाऊन झालं की तोंड पुसायचं, कागद जमिनीवर टाकायचा आणि पुढच्या बारला निघायचं. पहिल्या दिवशी मी माझा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या बारमध्येही. रात्री पर्समधून सहा तेलकट कागद निघाले. ऑगस्टपर्यंत मी तो अंगठ्याने उडवून टाकायला शिकले. चौतीस वर्षं फरशी पुसलेल्या बाईला मुद्दाम फरशीवर कागद टाकण्यात काय सुख आहे, ते तुम्ही केल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

त्या तिघांना मी पुन्हा येईन असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या गुरुवारी मी आले तेव्हा ते म्हणाले, वहिनी, उन्हाळा फार आहे, दगदग होईल. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी सातलाच सुरुवात केली. चौथ्या गुरुवारी गल्लीच्या उलट्या टोकाकडून. मी आपली मध्यावर उभी राहिले. गल्ली दोनशे पावलांची आहे, वन्सं. तिच्यात एखादी म्हैस लपवता येईल, पण तीन पेन्शनर लपत नाहीत. पाचव्या गुरुवारी ते माझ्या दारापाशी मला घ्यायलाच आले. सिरियाको म्हणाला, पायपीट वाचेल सगळ्यांची.

आणि मग मी माझी वाक्यं गोळा करायला लागले. दर बारमध्ये एखादं निघायचंच. तळलेल्या डुकराच्या कानाच्या बारमध्ये मालकीणबाई म्हणाल्या, तुमचे यजमान म्हणायचे की नवऱ्याच्या कानात आणि डुकराच्या कानात फरक एवढाच, की डुकराचा तळला की कुरकुरतो तरी. (माझं. मी ते तुमच्या भावाच्या तोंडावर म्हटलं होतं. म्हणजे त्याने स्वतःबद्दलचं वाक्य उचललं आणि स्वतःच्या नावावर खपवलं. याला हिंमत म्हणायची की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही.) भाजलेल्या मिरच्यांच्या बारमध्ये मेयरच्या बायकोची टोपी निघाली. एकदा तर एवेलिओ स्वतःच सांगायला लागला, की सातुरिओ सिरियाकोच्या मेव्हण्याला म्हणायचा, हा माणूस म्हणजे दार उघडं राहिलेला फ्रिज आहे, आत काही नाही पण दिवा लागलेला. हे सांगून तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मी पहिले दोन महिने गप्प बसले. मग ऑगस्टमध्ये एका गुरुवारी, कान खाऊन झाल्यावर, मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की ते वाक्य माझं आहे, आणि ते सिरियाकोच्या मेव्हण्याबद्दल नव्हतं. एवेलिओने विचारलं, मग कोणाबद्दल? मी त्याच्याकडे बघत राहिले. बराच वेळ लागला, पण दिवा लागला.

तो दोन गुरुवार आला नाही. तिसऱ्या गुरुवारी आला आणि म्हणाला की विचार केला, वाक्य बरोबर आहे.

इथे मला एक कबूल करायला हवं. मी चौकशीला गेले होते, पण मला ते सगळं आवडायला लागलं. गल्लीत संध्याकाळी आठला एवढी गर्दी होते की माणूस चालत नाही, पुढे सरकवला जातो. एका दारातून लसणाचा वास, दुसऱ्यातून कोकराच्या तळलेल्या आतड्याचा, आणि सगळेजण एकाच वेळी बोलत असतात. मी पहिल्यांदा माणसांच्यात उभी राहून बोलले आणि समोरून 'हं'च्या ऐवजी हसू आलं. मी काय म्हटलं ते आता आठवत नाही, बहुतेक ऑलिव्हच्या बियांबद्दल होतं. बारमधले सात-आठ लोक हसले. वन्सं, माझ्या कानशिलांना घाम आला. मी घरी आले, दुधाचं भांडं गॅसवर ठेवलं, दूध नासलं होतं, आणि मी सवयीने त्याच्याबद्दल काहीतरी बोलले. चांगलं होतं. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की हे आता या खोलीतून कुठेही जाणार नाही. मे महिन्यात मी रडले ते रीतीने रडले, शेजारपाजार बघत होता. त्या दिवशी मात्र गॅस बंद करून मी बराच वेळ बसले. तो सगळं ऐकायचा. पेपरमागे बसून माझा शब्दन्‌शब्द ऐकायचा, पाठ करायचा, आणि गुरुवारी घेऊन जायचा. मला एकदा तरी सांगायचं नाही का?

आता टाइल. सप्टेंबरात संत मातेओच्या जत्रेच्या आठवड्यात त्या तिघांनी मला सांगितलं की फेर्मिनच्या बारमध्ये तुमच्यासाठी एक गोष्ट ठेवली आहे. फेर्मिनकडे मिळणाऱ्या घासाचं नाव 'लग्न'. एक खारवलेला मासा, एक व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा, मध्ये हिरवी मिरची, खाली पाव. आम्ही पोचलो तेव्हा तिघांनी टोप्या काढल्या. फेर्मिनने भिंतीवरचा रुमाल ओढला. खाली पांढरी टाइल, निळी अक्षरं, भोवती द्राक्षांची वेल. लिहिलं होतं: 'लग्न म्हणजे एक खारट, एक आंबट, आणि दोघांचीही डोकी आधीच काढलेली.' आणि त्याखाली, मोठ्या अक्षरांत: 'सातुरिओ'.

सगळे माझ्या डोळ्यांकडे बघत होते. सिरियाकोने रुमाल तयार ठेवला होता. मी दोनदा वाचलं आणि म्हटलं:

"शुद्धलेखन बरोबर आहे. फक्त नाव चुकलंय."

एवेलिओ खाली बसला. (बसायची पद्धत नाही, पण बसला.) फेर्मिन म्हणाला, वहिनी, मेलेल्या माणसाचं नाव आहे ते. मी म्हटलं, नाव मेलेल्या माणसाचं आहे, वाक्य जिवंत बाईचं आहे, आणि ती तुमच्यासमोर उभी आहे. सांगितलं सगळं. आमच्या स्वयंपाकघरात, सिंकसमोर, दोन किलो मासे साफ करताना मी ते म्हटलं होतं, आणि तो टेबलाशी बसून पावावर लोणी लावत होता. शेवटी प्रिमितिवो, जो सहसा जनावरांखेरीज कुणाला दुखवत नाही, तो एवेलिओला म्हणाला, सांग आता. किती दिवस ठेवायचं?

एवेलिओने पेला खाली ठेवला.

"वहिनी, पहिली काही वर्षं तो नाव घेऊन सांगायचा. 'आमची विसी म्हणते' अशीच सुरुवात असायची."

"मग?"

"मग आम्हीच त्याची चेष्टा केली. म्हटलं, तुला स्वतःचं तोंड आहे की बायकोकडून उसनं आणतोस? दोन-तीन गुरुवार आम्ही त्याला विसी म्हणूनच हाक मारली. त्यानंतर त्याने तुमचं नाव घेणं सोडलं. वाक्यं मात्र सोडली नाहीत."

वन्सं, मी तिथून निघाले. पुढचे तीन गुरुवार मी गेले नाही. राग कोणाचा होता ते मला नीट सांगता येणार नाही. तुमच्या भावाचा तर होताच: मित्रांनी दोन गुरुवार चिडवलं म्हणून बायकोचं नाव टाकून दिलं आणि तिचा माल ठेवून घेतला. आणि तरी मला सारखं दिसत होतं, की तरुण सातुरिओ, तेव्हा त्याला केस होते, त्या कोपऱ्यात उभा राहून 'आमची विसी म्हणते' असं म्हणतो आहे. जो माणूस घरात मीठसुद्धा एका शब्दात मागायचा, तो तिथे तीन शब्द नुसते माझं नाव सांगायला खर्च करायचा. ते मला कुणी सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं असं एक मन म्हणायचं. दुसरं मन म्हणायचं, अजून सांगा.

चौथ्या गुरुवारी तिघं माझ्या दारात. (आम्पारोने तेही पाहिलं असणार, तिने लिहिलं नसेल तर तिला विसरायला झालं.) सिरियाको म्हणाला की तीन आठवडे ते सहा बार फिरले आणि कुणी एक शब्द बोललं नाही. लोकांना वाटलं आणखी कोणी गेलं. ते म्हणाले, टाइल काढू. नवी करू. नाव तुमचं घालू. तुम्ही सांगाल ते वाक्य, सांगाल ते नाव, द्राक्षांची वेलसुद्धा सांगाल तर काढू. मी म्हटलं, वेल राहू द्या.

त्या रात्री बार रिकामा व्हायची वाट बघत थांबलो, कारण फेर्मिनला गिऱ्हाइकांसमोर मेलेल्या माणसाचं नाव उतरवायचं नव्हतं. उशीर त्यामुळे झाला. वाट बघताना पेले नेहमीपेक्षा थोडे जास्त झाले, हे मी लपवत नाही. सिरियाकोचं म्हणणं, जन्मभर डब्यांची झाकणं उघडली, टाइल काय आहे. तो स्टुलावर चढला, पेचकस टाइलच्या मागे घातला. प्रिमितिवोने स्टूल धरलं. एवेलिओ खालून सूचना देत होता. टाइल निघेना, निघेना, आणि मग एकदम सगळीच निघाली, भिंतीच्या गिलाव्यासकट. ती थेट काउंटरवरच्या व्हिनेगरच्या माशांच्या परातीत पडली. मासे उडाले. सिरियाको स्टुलावरून प्रिमितिवोवर आला. टाइलचे तीन तुकडे झाले. (आरोप तीन. मी फोडली नाही, मी फक्त तिच्याखाली उभी होते.) मग फेर्मिनने परातीतून सगळ्यात मोठा तुकडा उचलला, तो निथळवला आणि वाचला. त्यावर एवढंच उरलं होतं: 'दोघांचीही डोकी आधीच'. आम्ही पाचजण हसायला लागलो ते थांबेचना. प्रिमितिवोच्या बरगडीला लागलं होतं, तरी तो बरगडी धरून हसत होता. मी भिंतीला टेकून हसले, काळ्या पोशाखात, रात्री बाराला, व्हिनेगरने भिजून. घरी आले तेव्हा जिन्यात आम्पारो टॉर्च घेऊन उभी. तिने प्रकाश माझ्या डोक्यावर टाकला. मासा मला तेव्हाच कळला.

हे असं झालं. मी तुमच्या भावाची आठवण पुसलेली नाही. त्याच्या कोपराची जागा मीच राखते आहे, तिथे दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नाही. नव्या टाइलचं काम नावारेतेच्या कुंभाराकडे दिलं आहे. वाक्य तेच, वेल तीच, खाली 'विसितासिओन'. ते तिघंही म्हणतात की असं कितीतरी आधी व्हायला हवं होतं. वन्सं, वयाच्या बासष्टाव्या वर्षी माझं नाव शिधापत्रिकेशिवाय दुसरीकडे कुठेतरी लिहिलं जाणार आहे, तेव्हा मोठ्या मनाने क्षमा करा आणि आम्पारोच्या मावसबहिणीला माझा नमस्कार सांगा. गुडघ्याला ऊब द्या. नाताळात मी येईन, तेव्हा भाजलेल्या मिरच्यांची बाटली आणीन.

तुमचीच लहान भावजय,
विसी

ता. क. वरचं सगळं लिहून झालं, पाकीट शोधायला उठले आणि मासे साफ करण्यावरून एक गोष्ट आठवली. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, सोरियाला, तुमच्या घरच्या मागच्या अंगणात तुम्ही आणि मी पाहुण्यांसाठी मासे साफ करत होतो. मी रडत होते, कारण मला भीती वाटत होती. तुम्ही एक खारवलेला मासा उचललात, एक व्हिनेगरमधला उचललात, दोन्ही माझ्यासमोर धरलेत आणि काहीतरी म्हणालात. मी रडायची थांबून हसले, इतकं आठवतं. काय म्हणालात ते नीट आठवत नाही. म्हणजे आठवतं. वन्सं, तुमचं लग्न झालं नाही, तेव्हा हे तुम्हाला सुचायचं काही कारण नव्हतं, असं मी स्वतःला दोनदा सांगून पाहिलं.

ता. क. २. तेव्हा खरं विचारायचं ते हे: ते वाक्य तुमचं होतं का? तुमच्या आईचं असेल तर तसं कळवा, त्या बिचाऱ्या आता काही म्हणणार नाहीत. तुमचं असेल, तर लगेच उलट टपाली लिहा म्हणजे नाव बदलता येईल. 'ओनोरिना'ला अक्षरं कमी लागतात, कुंभाराची काही हरकत नाही. फक्त टाइल या शुक्रवारी संध्याकाळी भट्टीत जाणार आहे. त्यानंतर काही करता येत नाही, भाजलेलं ते भाजलेलं.

ता. क. ३. हे पत्र आज बुधवारीच पूर्ण झालं आहे, पण पेटीत शनिवारी टाकते. घरात तिकीट नाही.